सेल्फ मारायचा नाही

अशोका गार्डनला रेल्वेलाइनच्या बाजूला आमची एक खोली होती, आणि ती रस्त्यापेक्षा खाली होती. जोराचा पाऊस झाला की पाणी आधी मोरीतून वर यायचं, मग उंबऱ्यावरून. बाबा टेंटहाउसमध्ये खुर्च्या-गाद्या उचलायचे, आई लग्नघरांत पोळ्या लाटायला जायची, आणि आम्ही दोघं भावंडं, दादा आणि मी, पलंगाखाली विटा सरकवायला शिकलो ते पाटी-पेन्सिल धरायच्या आधी. बाबा गेले तेव्हा दादा दहावीत होता. त्याने परीक्षा दिलीच नाही. अयोध्या नगरकडच्या एका वर्कशॉपमध्ये लागला आणि मला म्हणाला, "छोटी, एक जण शिकलं तरी पुरे. तू शीक." मी शिकले. आमच्या सगळ्या नातलगांत कॉलेजची पहिली डिग्री माझी आहे, आणि हे मी कोणालाही न लाजता सांगते. डिग्रीसोबत फोटो काढताना त्याने ती उलटी धरली होती, इतका घाबरलेला. तो फोटो तसाच फ्रेम केला.

पुढे वर्कशॉप बंद पडलं, पण तोवर त्याचं लग्न झालं होतं. वहिनी ग्वाल्हेरची, हाताला चव. तिने डबे सुरू केले, महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या आणि अयोध्या नगरात भाड्याने राहणाऱ्या पोरांचे. ती रांधायची, दादा पोचवायचा. आधी सायकलवर, मग स्कूटरवर, मग त्या गाडीतून. जुनी, पांढरी, आधी कोणीतरी वापरलेली, पण आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. चावी पुरती फिरवून इंजिन चालू करण्याला आमच्याकडे 'सेल्फ मारणं' म्हणतात. मी त्याला सांगितलं की इंग्रजीत सेल्फ म्हणजे स्वतः. तो हसला. "मग बरोबरच आहे की. आपली आपण चालू होते."

यंदाच्या पावसाळ्यात डबे देऊन परतताना रेल्वेपुलाखाली पाणी भरलेलं होतं. पुढची बस निघून गेली म्हणून यानेही गाडी घातली. मधोमध पाणी बॉनेटला लागलं आणि इंजिन बंद. दुसरा कोणी असता तर घाबरून सेल्फवर सेल्फ मारत सुटला असता. याने मारला नाही. इंजिनने पाणी आत ओढलं असलं तर सेल्फ मारायचाच नसतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि मग आतले रॉड वाकतात. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, लोकांना हाका मारून, त्याने गाडी ढकलत घरापर्यंत आणली. दादा-वहिनीचं आताचं घर चढावरच्या गल्लीत आहे, पाणी शिरू नये म्हणूनच घेतलेलं. तो चढही ढकलत. मी भेटायला गेले तेव्हा चहा पीत बसला होता, ओठ निळसर. "थंडी वाजतेय जरा," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात स्ट्रेचरवरून आत नेताना त्याने वहिनीचा हात धरला. "मी येईपर्यंत कोणी सेल्फ मारू नका."

तो आला नाही...

दहाव्याला घाटावर पिंड मी ठेवला. दादाला मूल नाही, आईही आधीच गेलेली, मग बहिणीने का ठेवू नये? गुरुजींनी जरा कुरकुर केली, मग मंत्र सांगितले. समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही उतरेना. आमच्यात असं झालं की गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय असं धरतात, आणि मागचे लोक मोठ्याने कबुली देतात, तुझं अमुक आम्ही करू. मी म्हणाले, "दादा, वहिनीला मी अंतर देणार नाही." मामा म्हणाले, "घर विकू देणार नाही रे, निश्चिंत जा." कावळे मान वाकडी करून नुसते बघत होते. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात वहिनी, जी सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती, पुढे झाली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुम्ही येईपर्यंत कोणी सेल्फ मारणार नाही." वाक्य पुरतं संपायच्या आत कावळा पिंडावर बसला. मामांनी हात जोडले, "सुटला बिचारा." माझ्या अंगावर मात्र काटा आला. सुटला कसा? आपण तर त्याला परत बोलावून ठेवलं.

आणि खरंच, त्या दिवसापासून घरात वाट बघणं सुरू झालं. वहिनी दार लोटून घेईना. डबे बंद पडले होते, पोरांचे फोन यायचे, "काकू, कधीपासून?" ती पोळीचं पीठ मळावं तितक्या सहज सांगायची, "हे आले की." गाडी दारात उभी, काचा बंद, आत चिखलाचा कोंदट वास. मी शनिवारी-रविवारी राहायला जायचे. एका भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, हॉर्न वाजला. आखूड, दोनदा. दादा वाजवायचा तसा. वहिनी हातातली कढई तशीच ठेवून बाहेर धावली. गाडीत कोणी नव्हतं. आम्ही बघत असताना ड्रायव्हरच्या बाजूची काच हळूहळू अर्धी खाली आली आणि थांबली. समोरच्या काचेवर आतून वाफ धरली होती, आणि त्या वाफेत पंजा उमटला होता... पाचही बोटं. मला कारण माहीत आहे. दादाला पंजाने काच पुसायची सवय होती. हाताचं तेल काचेवर राहतं, तिथे वाफ वेगळी धरते. कारण माहीत असूनही मी त्या काचेला हात लावू शकले नाही. वहिनी मात्र उघड्या खिडकीशी वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "जेवून घ्या ना."

मी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या रईसभाईंना बोलावून आणलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दीदी, वायरिंग में पानी बैठा है, शॉर्ट मार रही है. भूत-वूत कुछ नहीं. लेकिन इंजन में पानी ऐसे ही पड़ा रहा तो जंग खाकर जाम हो जाएगा. अभी भी पता नहीं बचेगा कि नहीं. फिर सीधा कबाड़ी." म्हणजे दादाने इंजिन वाचावं म्हणून जो शब्द टाकला, तो पाळता पाळताच आम्ही इंजिन मारत होतो. गाडी गेली तर डबे गेले, आणि डबे गेले तर वहिनीने आयुष्यभर त्या उघड्या दाराशी बसायचं.

"वहिनी, गाडी सडतेय."

"कबूल केलंय मी. कावळा शिवलाय, छोटी."

"काय कबूल केलंयस? शब्द आठव. सेल्फ मारणार नाही. बॉनेट उघडणार नाही असं कुठे म्हणालीस?"

"तू वकील व्हायला हवं होतंस."

"भावाने बी.कॉम. करवलं, त्याला मी काय करू!"

ती हसली, कितीतरी दिवसांनी. आणि लगेच, कोणी ऐकेल तसं, दाराकडे बघून तिने तोंडावर हात धरला.

बॉनेट उघडलं. एअरफिल्टर चिखलाने गच्च. ऑइल सोडलं तर मिक्सरमधून काढलेल्या लस्सीसारखं. रईसभाईंनी प्लग काढले, नळीने आतलं पाणी ओढलं. तांबूस, गंजाचा वास येणारं. पाना लावून इंजिन हाताने फिरवायला गेले तर हलेना. त्यांनी प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलं आणि म्हणाले, "अब ऊपरवाले पे." चार-पाच दिवस रोज येऊन पाना लावून बघायचे, मान हलवून जायचे. मग एका सकाळी आतून म्हाताऱ्या माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज आला, आणि पाना सरकला. ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, बॅटरी नवी बसवली. सगळं झालं आणि रईसभाईंनी सवयीने चावीला हात घातला. वहिनी ओरडली, "सेल्फ नाही!"

"भाभी, बिना सेल्फ के चालू कैसे होगी?"

"धक्क्याने होते. मी पाहिलंय यांना करताना."

रईसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मुश्किल काय आहे, उतार समोरच आहे. डब्यांची दोन पोरं रविवार म्हणून विचारपूस करायला आली होती, ती मागे उजवीकडे लागली. मी मध्ये. डावीकडे कोणी नव्हतं. रईसभाई स्टीअरिंगवर, चावी फक्त ऑनवर, दुसरा गिअर. आम्ही ढकललं. पहिल्यांदा नुसता झटका. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा माझा दम संपत आला होता, आणि गाडी अचानक हातांतून सुटल्यासारखी हलकी झाली. एकदम. माझ्या डाव्या कोपराला थंडगार, ओलसर काहीतरी चाटून गेलं, पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसासारखं. मी वळून पाहिलं. भिंत होती, ऊन होतं. खाली इंजिनने दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि पकडलं.

रईसभाई खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "इतना जोर किसने लगाया, भाई?" दोन्ही पोरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मी शिकलेली बाई आहे, जे झालं ते तसंच लिहिते, त्याचा अर्थ लावायला मला सांगू नका.

वहिनी चढावर दारात उभी होती. ती सावकाश उतरून आली, डिकीच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. "आले," म्हणाली. मग रईसभाईंना, "अब बंद करो." त्यांनी इंजिन बंद केलं. तिने त्यांना उतरवलं, स्वतः आत बसली आणि चावी पुरती फिरवली. तिने सेल्फ मारला. गाडी चालू झाली.

त्यानंतर हॉर्न आपोआप कधी वाजला नाही. वहिनी दार लावून झोपते. तिने शिकाऊ लायसन्स काढलंय. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसते, इतर दिवशी रईसभाई. अयोध्या नगरचे डबे पुन्हा सुरू झाले आहेत, आणि गाडी वहिनी चालवते.