सोयऱ्याकडची एटीव्ही

फोनवर ऐंशी हजार असं ठणकावून सांगणारा माणूस मी समोर गेल्यावर "तुमाला वाटंल ते द्या" म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. द्याल ते द्या म्हणणारा विक्रेता सगळ्यात महाग पडतो, हे माझं जुनं मत आहे.

वस्तू होती एक जुनी एटीव्ही. जाड टायरांची, चार चाकांची, हँडलवाली ती गाडी असते ना, ती. हा गृहस्थ उरणकडच्या किनाऱ्यावर तिच्यावर पर्यटकांना फिरवायचा. मग धंदा बसला आणि गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. मला ती माझ्या थोरल्या भावासाठी हवी होती. दादाचं आमच्या गावाबाहेर खाडीलगत जिताडा माशांचं तळं आहे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, आणि तळ्याकडे जाणारा बांध अरुंद, निसरडा. काठी टेकत गेला तर घसरला. तीन चाकी स्कूटर नेली तर ती चिखलात रुतली. त्यानंतर तो ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागला आणि तळ्याचा गडी येऊन सांगेल ते ऐकायला लागला. कुणी म्हटलं, चल, धरून नेतो, की तोंड फिरवायचा. "मना दंडाला धरून कोनी नेव नका," एवढंच बोलायचा. एकट्यानं जाता येईल तर जाईन, नाहीतर तळं विकून टाका. आणि हा माणूस बोलतो ते करतो.

म्हणून मी नेरूळहून उठून गाडी बघायला गेले. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत जन्म घालवला, तोही खरेदीच्या टेबलावर. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी ऑफिसात पाण्याचा माठसुद्धा घेऊ दिला नाही. मला कोण काय बनवणार!

पण आमच्यात एक भानगड आहे. माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, आणि गाव विचारलं की नातं निघतंच. त्यानं चहा टाकला आणि विचारलं, "ताई, तुमी कुठल्या?" मी गाव सांगितलं. कपबशी तशीच हातात धरून तो म्हणाला, "म्हंजे आमची आत्या दिलेली त्याच आळीत!" त्याची आत्या म्हणजे माझ्या चुलत्याच्या धाकट्या मेहुणीची जाऊ निघाली. झालं! ऐंशी हजार तिथेच विरघळले. "आता तुमाला काय रेट सांगायचा? घरचीच मानसं."

आता आली का पंचाईत! सोयऱ्याशी घासाघीस करता येत नाही. कमी दिले तर पुढच्या हळदीला बायका माझ्याकडे बघून कुजबुजणार. जास्त दिले तर मी मूर्ख. परक्या माणसाशी मी तासभर भांडून आकडा खाली आणला असता, पण इथे आकडाच नाही तर भांडू कुणाशी? मला तर वाटलं, ती आत्या यानं मुद्दाम उकरून काढली.

मग मी गाडीच उकरायला घेतली. वरून लालचुटूक रंग, ताजा. ताजा रंग दिसला की मी आधी खाली बघते. सीट उचलायला लावली, आत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट! माझे आजोबा मिठागरावर राबले, मला मीठ शिकवू नका. समुद्राच्या पाण्यातून काढून ही गाडी कधी धड धुतलेलीच नव्हती. पुढचा ब्रेक नावापुरता, बॅटरी मेलेली, म्हणून दोरी ओढून चालू करायची, चेन गंजलेली, सायलेन्सरमधून काळा धूर. तो काहीच लपवत नव्हता, "हाय, ता पन करायला लागंल," म्हणत होता, आणि त्याचाच मला जास्त संशय येत होता. लहान दुखणी दाखवून मोठं झाकत असेल तर?

आणि गाडी दादासाठी आहे हे ऐकल्यापासून एक गोष्ट तो पुनःपुन्हा म्हणत होता. "दादांना एकदा आना. बसवून बघा. मंग पैशाचा ठरवा."

वा रे शहाणा! माझी आई बांगड्या घ्यायला जाताना ज्या मुलीसाठी घ्यायच्या तिला घरी ठेवायची. हौस तोंडावर दिसली की सोनार भाव सोडत नाही, म्हणायची. दादा या गाडीवर बसला की त्याचा चेहरा असा उजळणार, की मग ऐंशीच काय, नव्वदही द्यावे लागतील. मी म्हटलं, "त्याला कशाला त्रास? मी बघतेय ना."

तेव्हा त्यानं स्वतः बसून मला दाखवलं. गियर नाही, क्लच नाही, उजव्या मुठीपाशी एक छोटी पट्टी. "ही अंगठ्यानं दाबायची. सारखी दाबून धरायला लागतं, ताई. सोडली का गाडी थांबली." आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ऐट दाखवतोय. मीही एक फेरी मारली. अंगठा भरून आला. उतरल्या उतरल्या मी सुनावलं, "केबल जाम आहे तुमची. त्याचे पाचशे कापणार." त्यानं मान हलवून किल्ली काढून घेतली.

दुरुस्तीचा अंदाज मी दोघा मेकॅनिकांकडून घेतला. पहिला त्याच्या ओळखीचा, म्हणजे त्याचं कमिशन असणार. दुसरा माझ्या ओळखीचा, म्हणजे तो मला खूश करायला कमी सांगणार. दोघांनी तीस हजारच सांगितले, तेव्हा हे दोघे एकमेकांना ओळखतात की काय, ही शंका आली. ऐंशीतून तीस गेले. उरलेल्या पन्नासातून मिठाचे आणि केबलचे कापले आणि मी पंचेचाळीस म्हटलं.

"चालंल," तो म्हणाला. एका झटक्यात! मला रात्रभर झोप नाही. चाळीस म्हणायला काय झालं होतं मला?

पंधरवड्यानं दुरुस्त झालेली गाडी टेम्पोतून गावी आली. रस्त्यावर चालवायची तिला परवानगीच नाही, पण बांधाला कुठला आलाय रस्ता! दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. काठी ओट्याला टेकवली, डाव्या हातानं उजवा पाय उचलून पलीकडे टाकला, बसला. दोन्ही मुठी धरल्या. चेहरा उजळला, अगदी मला वाटलं होतं तसाच.

आणि गाडी हलली नाही.

त्याचा उजवा अंगठा त्या पट्टीवर नुसता टेकून होता. त्यानं जोर लावला. खांदा वर आला, मानेची शीर फुगली, अंगठा जागचा हलला नाही. अगं आई गं! हा माणूस डाव्या हातानं जेवतो, हे मी दर रविवारी बघत होते. चेनपासून मिठापर्यंत सगळ्यावर संशय घेतला आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी तरातरा बाजूला जाऊन सोयऱ्याला फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं!"

"दादांच्या उजव्या हाताचा आत्यानं मागंच सांगितलेला," तो हळूच म्हणाला. "आजारी मानसाचा त्याच्या भयनीला तोंडावर कसा बोलायचा, ताई? म्हनून तर सांगत होतो, आना, बसवा. गाडी परत पाठवा. पैसे हायेत तसेच ठेवलेत."

पैसे तसेच ठेवलेत! असं कोण ठेवतं? मी ते विचारणारच होते, तेवढ्यात दादा ओरडला, "फोन ठेव. मागं बस."

मी साडी खोचून मागे बसले. त्याच्या काखेखालून हात घालून माझा अंगठा त्या पट्टीवर ठेवला. "दे," तो म्हणाला.

"किती?"

"दे गं! ब्रेक माझ्याकडं हाय."

अशी आमची वरात बांधावरून निघाली. वळण आलं की मी घाबरून अंगठा उचलायची आणि तो शिव्या द्यायचा. आता मेकॅनिक म्हणतो, पट्टी डाव्या बाजूला बसवता येईल. मी दुसरीकडेही विचारून ठेवलंय.

तळ्यापाशी गाडी थांबली. "उतर," तो म्हणाला.

मला वाटलं, मासे बघायचेत. मी उतरले. त्यानं ब्रेक सोडून डावा हात छातीवरून आडवा पलीकडे नेला आणि पट्टी दाबली. गाडी एकदम पुढे गेली. "अरे ब्रेक! ब्रेक धर!" मी किंचाळले. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि गाडीवर तो एकटा. चार पावलांवर त्यानं हात उचलला, गाडी थांबली.

तळ्याकडे तोंड करून त्यानं पाण्यावर नजर फिरवली. मग मागे न वळता म्हणाला, "पंचेचाळीसला महाग नाय."