तडकलेली काच काढायची नाही

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी म्हातारा गवंडी शिडीवर होता. शाळेच्या दोन खोल्या जिथे मिळतात, तिथे छतापासून जमिनीपर्यंत सरळ भेग आहे. तिच्यावर सिमेंटने आडव्या चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या तो फडक्याने पुसत होता. भिंती हलल्या तर काच तडकते. भिंत सरळ उभी आहे का ते तपासायच्या वजनाच्या दोरीवरून गावात त्याला ओळंबा म्हणतात, कारण तो कुणापुढे वाकत नाही. बायकोच्या मते, ओळंबासुद्धा वाऱ्याने डुलतो, हा तेवढाही नाही.

गेल्या वर्षी अभियंत्याने ही भेग पाहून इमारत धोकादायक ठरवली. ती पाडायची आणि मुलांना सहा किलोमीटरवरच्या शाळेत धाडायचं ठरलं. ओळंब्याने सांगितलं, ही भेग नव्हे, सांधा आहे. दगडी खोली त्याच्या वडिलांनी बांधली, विटांची त्याने, तेवीस वर्षांनंतर. नवा पाया बसताना जुन्या भिंतीला ओढेल, म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवू नकोस, असं वडिलांनी बजावलं होतं. पुढे कुणीतरी फटीवर गिलावा चढवला आणि तो चिरला. अभियंत्याने कागद मागितला. कागद नव्हता.

"वर्षभर काचा लावतो," ओळंबा म्हणाला. "भेग वाढली तर पहिली कुदळ माझी." अभियंत्याने वर्षाची मुदत दिली.

चौथ्या महिन्यात सर्वांत वरची काच तडकली. सरपंचांनी भर चौकात विचारलं, कुदळ घरची आणता की आम्ही पाठवू? बायकोने नवी पट्टी त्याच्या हातात ठेवली.

"बदला गुपचूप. देवालाही कळायचं नाही."

"अभियंत्याला कळायला हवं."

तो छतावर चढला. विटांच्या खोलीचा एक वासा कुजून खाली आला होता आणि भिंतीला रेटत होता. त्याने वासा बदलला आणि कुजका तुकडा वऱ्हांड्यात ठेवला. तडकलेली काच तशीच ठेवून शेजारी नवी लावली, दोन्हींवर तारखा घातल्या आणि अभियंत्याला स्वतःच पत्र पाठवलं. त्यानंतर आठ महिने एकही काच तडकलेली नाही.

अभियंता उद्या अकराला येणार आहे. तोपर्यंत दोन्ही खोल्या रिकाम्या ठेवाव्यात, असं त्याचं पत्र आहे. शाळेच्या बाईंनी ते ओळंब्याला वाचून दाखवलं आणि काय करायचं, असं विचारलं.

"हजेरी घ्या," ओळंबा म्हणाला. "मी भिंतीला पाठ लावून बसतो."

उद्या दहा वाजता दुसरीचा वर्ग विटांच्या खोलीतच भरणार आहे.