घरघर लागली

आज राजापेठेत चहा घेताना पेपरात मथळा दिसला, ‘सूतगिरणीला घरघर’. पुढचं वाचवेना.

अकोल्याच्या जुन्या शहरातली ती दुपार आठवली. आजारी बाबा खाटेवर निजले होते आणि त्यांच्या घशातून आवाज येत होता. शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या, “पोरी, घरघर लागली त्यायले. कुठी जाऊ नको.”

मी सोळा वर्षांची होते. घरघर मला फक्त जात्याची माहीत होती. शेवटच्या श्वासांनाही तोच शब्द असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, आठवडाभराच्या जागरणानंतर बाबांना गाढ झोप लागलीय, म्हणून घोरताहेत.

“झोपू द्या त्यांना,” म्हणत मी मोसंबी आणायला बाजारात गेले.

परतले तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. माझ्या हातातली पिशवी घेत मावशी म्हणाल्या, “दाराकडंच पाहून राहिले होते, माय.”