सिनेमावर ठेवलेला टीव्ही

दर्ब गल्लेफच्या बाजारात मीलूद हद्दावीसारखा मोबाइलचा बोर्ड दुरुस्त करणारा दुसरा नव्हता. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक भाग तो चिमट्याने उचलायचा आणि डाग देऊन जागेवर बसवायचा. वय बेचाळीस, एक पाय पोलिओने अधू, लग्न झालेलं नाही. पण हात असे की कासाब्लांकातले इतर कारागीर ज्यांच्यापुढे हात टेकत, ते बोर्ड त्याच्याकडे पाठवत. त्याची त्याला घमेंडही होती, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी कुसकुस जेवून बाजार सुस्तावला की आम्ही बूशैब केबलवाल्याच्या दुकानात जमायचो. कुठल्या गेमला कुठली केबल, कुठल्या टीव्हीवर कुठली सेटिंग, हे विचारायला लोक त्याच्याकडे थेट रबातहून येत. दुकानात जुना डबा टीव्ही होता आणि रुंद काळ्या पिनेच्या केबलने त्याला जोडलेला मारामारीचा जुना गेम. जिंकेल तो बसून राहायचा, हरेल तो उठायचा. मीलूद नऊ वर्षं उठला नव्हता. समोरच्याची मूठ हलताना बघायची आणि मगच उलट मारायचं, ही त्याची रीत.

"बूशैब, तू आपल्या केबली विक," तो जिंकून म्हणायचा. "तेवढं तरी तुझ्या बोटांना जमतं."

आपल्याच दुकानात हे ऐकणं बूशैबच्या जिवाला लागलं. एका शुक्रवारी त्याने डबा हलवला आणि मोठा सपाट टीव्ही टांगला. माझं दुकान शेजारी, मी रिमोट विकतो. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता.

"अय्याद, हा रिमोट तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. सेटिंगला कुणाचा हात लागायला नको."

त्याने रुंद केबल काढून साधी पिवळ्या पिनेची लावली होती, मध्ये एक स्वस्तातला डबीएवढा कन्व्हर्टर, आणि टीव्ही 'सिनेमा' नावाच्या सेटिंगवर. चित्र दिसतं गुळगुळीत, पण पापणी लवेल एवढं उशिरा येतं. दोघांनाही उशिरा येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. अंदाजाने आधीच मारणाऱ्याचं काही बिघडत नाही. बघून मारणारा मात्र मेला. बूशैबने घरी महिनाभर याच जोडणीवर सराव केला होता. मी हसलो आणि रिमोट ठेवून घेतला. मीलूदचे टोमणे मीही खाल्ले होते.

त्या शुक्रवारी मीलूद ओळीने सहा डाव हरला.

"बोटं जड वाटतायत," तो म्हणाला. "टीव्हीचं काही नाही ना?"

"मीही त्याच टीव्हीकडे बघत होतो की," बूशैब चहा ओतत म्हणाला. "वय झालं, मुअल्लिम. उस्तादाचाही चाळिशीनंतर हात आधी जातो. ग्लास नीट धर, सांडशील."

सगळे हसले. मीही.

दुसऱ्या कुणीही टीव्हीला शिव्या घातल्या असत्या. मीलूदने हाताला घातल्या. तीन शुक्रवार गेले आणि मग मी बघितलं, काम करताना त्याच्या चिमट्यातून भाग निसटला. त्याने बोटं चोळली, पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. दर वेळी तो आधी हाताकडे बघायचा, आणि असं बघत राहिलं की हात थरथरणारच. डॉक्टरने काही दोष नाही म्हणून सांगितलं. "त्याला माझं काम काय कळतंय," मीलूद म्हणाला. बारीक कामं त्याने दुसऱ्यांकडे पाठवायला सुरुवात केली. रमजानपर्यंत तो फोनच्या काचेवर प्लास्टिक चिकटवत बसलेला दिसू लागला.

तेव्हा मला लाज वाटली. उशिराच वाटली. रिमोट घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि केबल, कन्व्हर्टर, सिनेमा, सगळं सांगून टाकलं.

"अय्याद, तू मनाचा चांगला आहेस," तो म्हणाला. "माझं समाधान करायला बघतोयस." आणि त्याने हात पुढे केला. हात कापत होता.

मी त्याला ओढत बूशैबकडे नेलं. बूशैबच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "अय्याद म्हणतो तर लावू जुना टीव्ही," म्हणत त्याने डबा काढला, रुंद केबल खोचली. आता चित्र बोटाबरोबर येत होतं. मीलूद खाली बसला, पडद्यापेक्षा आपल्या हाताकडेच बघत राहिला आणि तीन डाव हरला. बूशैब नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ मार्गाने जिंकला. त्याला झालेला आनंद मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मीलूदने आपलं सूक्ष्मदर्शक आणि चिमटे कापडात बांधून बूशैबच्या काउंटरवर ठेवले.

"एखाद्या चांगल्या हाताला दे," तो म्हणाला. "तू वेळेवर सांगितलंस, बूशैब. नाहीतर मी लोकांचे बोर्ड जाळत बसलो असतो. अल्लाह तुझं भलं करो."

"आमीन," बूशैब म्हणाला, आणि त्याने बोचकं आत ओढून घेतलं.