शाफ्टवरचा रंग

मोरा जेटीजवळ ओहोटीच्या चिखलात उताणा पडून काम करणाऱ्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या लाँचच्या पंख्याच्या शाफ्टवर त्यानं जस्ताची कडी बसवली होती. खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून शाफ्ट वाचतो; पण त्यासाठी कडी उघड्या धातूला घट्ट टेकलेली हवी, मध्ये रंगही नको. तो शाफ्ट पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर अंगठा फिरवून बघायचा, बोल्ट आवळायचा, कडीला हातोडीने ठोकायचा आणि पुन्हा आवळायचा.

दोन महिन्यांत कडी गळून पडली आणि शाफ्टला खड्डे पडले. जेटीवर सगळ्यांसमोर मी त्याला कामचुकार म्हणालो. तो लाँचखाली शिरला आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "सायेब, मी बसवली तवा खाली रंग नवता."

रंग मीच दिला होता. त्यासाठी कडी काढली होती आणि नंतर पाना न घेता, हातानेच बोल्ट पिळून लावली होती. मिस्त्रीवर ओरडतानाही मला ते आठवत होतं.

त्यानं रंग खरवडला, नवी कडी बसवली आणि पाना माझ्या हातात दिला. "शेवटचा बोल्ट तुमी आवला."

मी वाकून आवळला. वर उभ्या लोकांना वाटलं, मी त्याचं काम तपासतोय. मी त्यांना तसंच वाटू दिलं.