घोषणेच्या खोलीतला पुरुष

संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग. बसस्थानकाचा नियंत्रक मी. कुणी दुसऱ्याची सही मारली की मला लगेच वास येतो. त्यामुळे घोषणेच्या खोलीत घोषणा करणाऱ्या बाईंच्या जागी कुणीतरी पुरुष बसतो, हे सगळ्यांत आधी मीच ओळखलं.

बाई वयानं बत्तीसच्या. आवाज इतका खणखणीत की ड्रायव्हर त्यांना ‘घंटी’ म्हणायचे. तो आवाज बघता बघता घोगरा झाला. “सर्दी आहे,” म्हणायच्या. सात महिने सर्दी? वर तोंडाला सदा ओढणी, आणि खोलीचं दार आतून बंद. त्यांचा भाऊ बिनकामाचा घरी बसलेला. पाणी कुठं मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एकदा त्या जेवायला गेल्यावर मी त्यांचा ड्रॉवर उघडला. आत दाढीचा रेझर! मला कोण आनंद झाला. त्यांना कामावरून काढायचं पत्र टाइप करून मी खिशातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तोच जाडा आवाज फलाट चारची गाडी सांगत असताना मी जोडकिल्लीनं दार उघडलं. आत बाई एकट्याच. ओढणी गळ्यात, हनुवटीवर दाढीचे खुंट. त्यांनी घोषणा पूर्ण केली आणि माइक बंद केला.

“भाऊ कुठंय?” मी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

“काल ड्रॉवर तुम्हीच उघडलात ना? रेझर माझाच आहे, साहेब. आवाजही माझाच. पाळीपण बंद झालीय. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोलले नाही.”

त्या संध्याकाळी मी हे सगळं घरी सांगितलं.

माझी बायको दवाखान्यात नर्स आहे. तिनं आधी माझी बिनपाण्यानं केली, मग बाईंना डॉक्टरांकडे नेलं. अंडाशयात लिंबाएवढी गाठ निघाली. क्वचितच होणारी ही गाठ पुरुषांचं हार्मोन रक्तात सोडत होती. ऑपरेशन झालं, पाळी सुरू झाली, दाढी विरळ होत गेली. आवाज मात्र पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचला असता.

बाई कामावर आल्या, तेव्हा ते पत्र मी त्यांच्यासमोर फाडलं. मोठा उदार माणूस मी! त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं.

“साहेब, सात महिने तुम्ही माझा आवाज रोज कान देऊन ऐकत होता,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “एकदा तरी विचारायचं, बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?”