लवूदादाची जागा

चौके गावचा लवू परब मार खाण्यात पहिल्यापासून तरबेज. वडील गंगाराम म्हणजे साक्षात जमदग्नी. काजूच्या बागेतून घरी आले की पोरं मागच्या दारी पळायची. धाकट्या मथुराने घागर फोडली तरी पुढे व्हायचा लवूच. "मी फोडलीय," म्हणायचा आणि पाठ पुढे करायचा. बहीण वाचायची खरी, पण घागर कशी धरावी हे तिला कुणी शिकवायचं राहूनच गेलं.

मोठेपणी लवू कुडाळात शिकला, पुण्यात संगणकाच्या नोकऱ्या केल्या, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा गावी परतला. त्याच सुमारास पुण्याच्या अक्षया मॅडमनी आपल्या सॉफ्टवेअर कंपनीची एक छोटी शाखा कुडाळात काढली आणि लवूला तिथे प्रोजेक्ट मॅनेजर नेमलं. रोज मोटरसायकलने यायचं, जायचं. हाताखाली समीक्षा, ओंकार, आकिब अशी आसपासच्या गावांतली हुशार मुलं. घाटावरच्या काही दवाखान्यांसाठी पेशंटच्या नोंदणीचं आणि रांगेचं सॉफ्टवेअर बनवायचं, हे त्यांचं काम.

त्या दवाखान्यांचे मोठे डॉक्टर भलतेच तापट. काही बिघडलं की फोन लवूला. लवू फोन घेऊन मागच्या जिन्यात जायचा आणि तिथे काय काय ऐकून घ्यायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. "अक्कल गहाण टाकलीय का?" ही त्यातल्या त्यात मऊ भाषा. मग तोंडावरून हात फिरवून आत यायचा आणि हसत म्हणायचा, "डॉक्टर खूश आसत रे! एक बारीकसो बदल सांगतत, तेवढो करून टाकूया." मुलं जोमाने कामाला लागायची. घरी बायकोने, विमलाने, विचारलं तरी तेच, "सगळा बरा आसा." भला माणूस! पण भलेपणाचंही व्यसन लागतं हो माणसाला, आणि ते सुटता सुटत नाही.

यंदा मॅडमनी कामाची पद्धत बदलली. अ‍ॅजाइल म्हणतात तिला. मोठालं काम वर्षभर रेटत बसायचं नाही. थोडं करायचं, ग्राहकाला दाखवायचं, चुकलं तर लगेच सुधारायचं. सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्याच आपापलं काम एकमेकांना सांगायचं. काय बनवायचं हे ठरवायला एक जण, गाडं अडलं तर वाट मोकळी करून द्यायला एक जण, बाकी सगळे बनवणारे. आपलं आपण ठरवणारे, ग्राहकाशीही आपणच बोलणारे. चांगलीच आहे की पद्धत, वाईट कोण म्हणतंय? पण मॅडमनी पडद्यावर जे चित्र दाखवलं, त्यात मॅनेजरचा चौकोनच नव्हता. लवूने पुन्हा पुन्हा बघितलं, चष्मा पुसून बघितलं. नव्हताच.

सोमवारी मॅडम पुण्याहून पडद्यावर आल्या. म्हणाल्या, "मी निर्णय लादणार नाही. लवूंची तुम्हाला कशासाठी गरज आहे, ते टीमनेच सांगा. सांगता आलं तर ते राहतील."

ओंकार स्वतःची नखं बघत राहिला. आकिब म्हणाला, "ते... सगळं बघतात ना."

"सगळं म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

आकिबने ओंकारकडे बघितलं. लवूच्या काळजात चर्र झालं. ज्या पोरांना इतकी वर्षं ऊन लागू दिलं नाही, त्यांच्यातल्या एकालाही आपलं काम सांगता येऊ नये? नोकरी जाईल याचं दुःख होतंच, पण हे त्याहून मोठं होतं.

मग समीक्षा बोलली. "खरं सांगू? ते काय करतात, मला माहीत नाही. परवा दवाखान्यातल्या एका नर्सशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की मी बनवलेली रांग पहिल्यापासून चुकतेय. म्हातारी माणसं भलत्याच खोलीसमोर बसून राहतात. आणि आम्हाला कायम काय ऐकायला मिळालं, तर डॉक्टर खूश!" ती लवूकडे वळली, आणि ऑफिसातली मराठी सुटून घरची बोली तोंडात आली. "दादानू, माका कित्याक नाय सांगलास?"

"तुमका तरास नको म्हणान गो."

"पण चूक माझी होती," ती म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी डॉक्टरांना नवं काम दाखवायचं, बोलायचं फक्त टीमने. लवूने लांब खिडकीशी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्यानंतर त्याचा निकाल.

शुक्रवारी डॉक्टर पडद्यावर आले तेच तणतणत. "ही रांग बनवली कुणी?"

"मी," समीक्षा म्हणाली.

झालं! सुटला तोंडाचा पट्टा. तिची अक्कल काढली, शिक्षण काढलं, गाव काढलं. लवू अर्धा उठला. एक वाक्य पुरे होतं. साहेब, चूक माझी. ते अगदी जिभेवर आलं होतं. मथुरासाठी आलं होतं तसंच, सवयीने. पण त्याने खिडकीचा गज घट्ट धरला आणि परत खाली बसला. आयुष्यात इतकं जड काम त्याने केलं नव्हतं. पोरीचा चेहरा उतरलेला, आणि आपण नुसतं बघत बसायचं!

डॉक्टर बोलून बोलून दमले तेव्हा समीक्षाने विचारलं, "डॉक्टर, पेशंट नेमके कुठे चुकतात, ते मला दाखवाल का?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून दाखवू लागले. बराच वेळ दाखवत राहिले, शेवटी शेवटी तर आवाजही खाली आला. लवू ऐकत होता. हा साधा प्रश्न आपल्याला कधी सुचला नाही, माफी मागण्यातच आपला फोन संपायचा, हे त्याला कळून चुकलं. पोरीचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आपलं इथलं काम संपलं हेही पक्कं कळलं.

डॉक्टर गेल्यावर, पुण्याहून सगळं ऐकत असलेल्या मॅडमनी विचारलं, "मग लवूंचं काय ठरलं?"

समीक्षाने डोळे पुसले. "मॅनेजर नको, मॅडम. डॉक्टरांशी मीच बोलेन." लवूने मान खाली घातली. "पण पुढच्या वेळी लवूदादा माझ्या शेजारी बसायला हवेत. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आज ते लांब होते, मला फार एकटं वाटलं."

"वाट मोकळी करून देणाऱ्याची जागा रिकामी आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पण लवू, यांच्या वाटचा मार तुम्ही खायचा नाही. जमेल?"

लवूने हळूच मान डोलावली. समीक्षा उठून त्याच्याजवळ गेली.

"दादानू, ह्या असला सगळा तुमी इतकी वर्सां जिन्यात ऐकत होतास?"

"व्हय."

"तेव्हा तुमच्या बाजूक कोण बसायचो?"

लवू नेहमीसारखं हसायला गेला, पण जमलं नाही. "कोण नाय गो," तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला.